खेळण्यांसाठी पेटलेलं युद्ध

आपल्याकडे दिवाळी अंक, तसं ब्रिटनमध्ये ख्रिसमसला मुलांच्या हाती जाड पुठ्ठ्याचं 'ॲन्युअल' पडतं. ऐंशीच्या दशकातलं 'ट्रान्सफॉर्मर्स'चं ॲन्युअल त्यातलंच. ऑटोबॉट विरुद्ध डिसेप्टिकॉन, नुसती हाणामारी! आणि हे युद्ध कशासाठी? खेळणी खपवायला. जपानच्या टाकारा कंपनीची खेळणी हॅस्ब्रोनं १९८४ मध्ये अमेरिकेत नव्या नावानं आणली. त्यांना स्वभाव आणि वैर दिलं मार्व्हलच्या लेखकांनी. म्हणजे आम्हाला वर्गात शिकवतात ते 'ब्रँडेड कंटेंट'च की!

तरी मी त्याला निव्वळ जाहिरात म्हणणार नाही. सायमन फर्मनसारख्या लेखकानं ब्रिटिश कॉमिकमध्ये याच रोबोंना शंका दिल्या, युद्धाचा थकवा दिला. पोरं वाचणार म्हणून उरकून टाकलं नाही.

खटकतं ते पुढचं. १९८६ च्या सिनेमात ऑप्टिमस प्राइमला मारलं, कारण दुकानात नवी खेळणी यायची होती. थिएटरात पोरं रडली. आपण इंटर्नशिपमध्ये बिनधास्त 'टार्गेट ऑडियन्स' म्हणतो ना, ती हीच पोरं. कंपनीच्या लेखी जुना माल संपला होता, त्यांचा मात्र हिरो गेला होता. शेवटी १९८७ मध्ये टीव्ही मालिकेत त्याला परत आणावंच लागलं.