लोक कुठे आहेत?

लोकप्रशासन घेऊन मी एम.ए. झाले त्याला आता पंचवीस-एक वर्षे झाली. विषयाच्या नावातच लोक, पण दोन वर्षांत ते कुठे भेटले नाहीत. भेटले ल्यूथर ग्युलिक, त्यांचे १९३७ चे ‘पोस्डकॉर्ब’ आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कर्तव्यांची पाठ करायची यादी. प्रबंधासाठी मी विषय मागितला : आमच्या तालुक्यात सातबाऱ्यावर किती बायकांची नावे आहेत, आणि वारसनोंद करताना त्यांची नावे वगळली जातात ती कोणती कारणे सांगून. सर म्हणाले, ‘बाई, हे समाजशास्त्र झालं. शिवाय तलाठी कागद कशाला दाखवेल? जिल्हा परिषदेची रचना व कार्ये घ्या.’ घेतली. पहिला वर्ग मिळाला. त्याची लाज अजून वाटते.

दोष एकट्या सरांचा नव्हे. हा विषय सरकारच्या ओसरीवरच वाढला. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ साली निघाली ती केंद्र सरकारने बोलावलेल्या पॉल ॲपलबींच्या अहवालावरून, आणि पहिले अध्यक्ष खुद्द पंतप्रधान नेहरू. पुढे १९८७ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा स्वतंत्र वैकल्पिक विषय झाला, मग तर वर्ग म्हणजे साहेब होण्याची शिकवणीच. अनुदान, कागदपत्रे, नोकऱ्या सगळे ज्याच्या हाती, त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

आणि हे कुठे, तर बुलढाण्यात! १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे इथल्याच. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. सुरतेच्या विधवा विजयालक्ष्मीला फाशी सुनावली गेली, तेव्हा वर्तमानपत्रे समस्त बायकांनाच नावे ठेवू लागली. त्यांना या कारकुनाच्या लेकीने जाब विचारला. न्याय कोण करतो, कुणाच्या नजरेने करतो, हा प्रशासनाचा प्रश्न नाही तर काय? आमच्या वर्गात त्यांचे नाव एकदाही निघाले नाही.

पंचायतींत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या मला विचारतात, ‘ताई, नमुना ८ वर घराला माझं नाव कसं लागंल?’ एम.ए.च्या वह्यांत उत्तर नाही. सही कुठे करायची एवढे ग्रामसेवक सांगतो, तेवढ्यावर थांबायचे?

तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता, २००५ पासून आहे. तो जुना विषय मी पुन्हा काढला आहे. अर्ज दिलाय, दुसरे स्मरणपत्रही गेले. ज्या मैत्रिणींना आपापल्या गावचे सातबारे तपासायचे असतील त्यांनी कळवावे, अर्जाचा मसुदा तयार आहे.