क्रम, रांग, उतरंड आणि आनुपूर्वी

मराठीत मांडणीला एकच शब्द नाही. अक्षरांची ओळ असते, माणसांची रांग, मण्यांची माळ, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी आणि मडक्यांची उतरंड. वरवर पाहता हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगतात. परंतु कोणता क्रम बदलला तर चालेल आणि कोणता बदलला तर हानी होईल, हेही त्यांत सांगितलेले असते. चळतीतली सारखी नाणी वरखाली केली तरी बेरीज तीच राहते. उतरंडीत मोठे मडके तळाशी आणि लहान वर असावे लागते. तळचे ओढले की सारी उतरंड कोसळते. रांगेत तर आधी आलेल्याचा हक्क असतो. तेथे क्रम मोडणे म्हणजे अन्याय करणे होय.

क्रमाचा सूक्ष्म विचार जैन आगमांत फार पूर्वी झालेला आहे. 'अनुयोगद्वार' सूत्रात क्रमासाठी 'आनुपूर्वी' हा शब्द येतो आणि तिचे तीन प्रकार सांगितले जातात. पहिल्यापासून शेवटापर्यंत जाणारी ती पूर्वानुपूर्वी. शेवटापासून पहिल्याकडे येणारी ती पश्चानुपूर्वी. आणि या दोहोंखेरीज उरलेल्या साऱ्या मांडण्या म्हणजे अनानुपूर्वी. पाच वस्तूंच्या एकूण मांडण्या १२० होतात. त्यांतून सुलट आणि उलट अशा दोन वगळल्या की ११८ अनानुपूर्वी उरतात.

अनेक घरांत आनुपूर्वीची छोटी पुस्तिका आढळते. तिच्यातील २० कोष्टकांत प्रत्येकी ६ ओळी असतात आणि नवकाराच्या पाच पदांचे अंक प्रत्येक ओळीत निराळ्या क्रमाने येतात. सवयीचा क्रम मोडला की मन भरकटू शकत नाही, हे तिचे प्रयोजन. येथे क्रम बदलतो, पण तोही नियमाने. एकही मांडणी गळत नाही की दोनदा येत नाही.

पेढीवरील वह्यांनाही हीच परिभाषा लागू पडते. रोजकीर्द तारीखवार चालते, म्हणजे ती पूर्वानुपूर्वी. मोबाइलवर दिसणारा बँकखात्याचा उतारा बहुधा ताजी नोंद वर दाखवतो, ती पश्चानुपूर्वी. खतावणी त्याच नोंदी खातेवार मांडते. नोंदी त्याच, क्रम निराळे. म्हणूनच एक वही दुसरीची पडताळणी करू शकते. मात्र रोजकिर्दीचा क्रमच ढळला, तर खतावणी कितीही सुबक असली तरी तिला आधार उरत नाही.

कायदाही येथेच बोट ठेवतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ नुसार व्यवसायात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी न्यायालयात विचारात घेतल्या जात, मात्र केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नसे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. सुटे कागद म्हणजे वही नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले. वहीची पाने अशी बांधलेली असावीत की फाडल्यावाचून त्यांत फेरफार वा भर घालता येऊ नये. थोडक्यात, वही म्हणजे बांधलेला क्रम.

वस्तू व सेवा कराच्या बिलालाही सलग क्रमांक लागतो. तो १६ अक्षर-अंकांहून मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. रद्द झालेल्या बिलांची संख्याही विवरणपत्रात दाखवावी लागते. मधला एक क्रमांक गायब झाला, तर ते बिल कोठे गेले, हा प्रश्न उभा राहतोच. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही तेव्हा उत्तर द्यावे लागते आणि कागद हाताशी नसेल तर केवळ शब्द अपुरा पडतो.

नव्या पिढीच्या हाती संगणक आहे. एका कळीसरशी हव्या त्या क्रमाने यादी मिळते, ही सोय मोठीच आहे. परंतु यादीचा क्रम हा पाहणाऱ्याच्या सोयीचा असतो, तर नोंदीचा क्रम हा घडलेल्या गोष्टीचा असतो. यादी हवी तशी फिरवावी. नोंद मात्र व्यवहार झाला त्याच दिवशी, त्याच क्रमाने लिहावी. रद्द बिल फाडून न टाकता 'रद्द' असा शेरा मारून जागच्या जागी ठेवावे. पोत्यांची थप्पी उद्या पुन्हा रचता येते. वहीचा क्रम मागाहून रचता येत नाही, आणि रचलाच तर ती वही उरत नाही.