वृद्धाश्रमातील सात वार

गोमंतकीय माणसाच्या आठवड्याला सात निरनिराळे चेहरे असतात. सोमवारी मंगेशीला पालखी निघते, शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, रविवारी चर्चची घंटा साऱ्या वाड्याला जाग आणते. मासळीचे वार वेगळे, शिवराकाचे वेगळे. आज आपल्याला कोठे तरी जावयाचे आहे, कोणासाठी तरी काही करावयाचे आहे, याची खूण म्हणजे वार. वृद्धाश्रमाचा उंबरठा ओलांडला की ही खूण पुसट होत जाते. चहा, आंघोळ, औषध, जेवण आणि निद्रा या क्रमात सोमवार व गुरुवार यांत भेद उरत नाही.

अपवाद फक्त रविवारचा. त्या दिवशी देणगीदार येतात. कोणाच्या मुलाचा वाढदिवस असतो, कोणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध. पक्वान्ने वाढली जातात, छायाचित्रे निघतात आणि मंडळी कृतार्थ मनाने परततात. या सद्भावनेला आम्ही नावे ठेवू इच्छित नाही. परंतु रविवारी जिलेबी वाढावयास रांग लागावी आणि मंगळवारी वर्तमानपत्र वाचून दाखवावयास कोणी नसावे, हे चित्र आपल्या समाजाला भूषणावह खचित नाही.

हा प्रश्न मूठभर दुर्दैवी जिवांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात 8.6 टक्के होते. गोव्यात ते 11.2 टक्के भरले. राज्यांत केरळखालोखाल गोव्याचा क्रमांक लागला. तरुण मुले मुंबईस, आखातात, पोर्तुगालात आणि इंग्लंडात गेली. मागे मोठी घरे आणि त्यांत एकटी माणसे राहिली. प्रोव्हेदोरियाचे आश्रम, धर्मसंस्थांचे आश्रम आणि आता सधन निवृत्तांसाठी उभारली जाणारी संकुले, या सर्वांची गरज वाढतच जाणार.

2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम असावा, अशी तरतूद केली. त्याच कायद्यात वृद्धांना ‘सामान्य जीवन’ जगता यावे, असे शब्द आहेत. मात्र आश्रमांच्या व्यवस्थेचा विषय येताच कायदा वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने यांचा तेवढा नामनिर्देश करतो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे कुळागर राखले, ज्या गृहस्थाने गावच्या भजनात पेटी वाजविली, त्यांना दूरदर्शन संचापुढे बसविले म्हणजे सामान्य जीवन लाभले काय? करमणूक ही कामानंतरची गोष्ट आहे. ज्याच्यापाशी कामच उरले नाही, त्याला करमणूकही ओझे होते.

1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धशुश्रूषागृहात केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. एका गटातील वृद्धांना एकेक रोपटे निवडून त्याची निगा स्वतः राखावयास सांगितले आणि आठवड्याचा चित्रपट कोणत्या दिवशी पाहावयाचा हेही त्यांच्यावर सोपविले. दुसऱ्या गटाला रोपटे देण्यात आले, पण पाणी परिचारिका घालीत आणि दिवसही व्यवस्थापन ठरवी. काही आठवड्यांतच पहिला गट अधिक उत्साही आणि समाधानी आढळला. रोपटे दोघांकडेही होते. अधिकार एकाकडेच होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक आश्रमात तेथील रहिवाशांचीच एक समिती असावी आणि आठवड्याचा कार्यक्रम व स्वयंपाकघरातील बेत तिने ठरवावा. आठवड्यातून एकदा वाहनाने बाजारास, देवळास वा चर्चला जाण्याची सोय असावी. शाळांनी मुलांना गाणी म्हणून दाखविण्यासाठी धाडण्याऐवजी काही शिकून येण्यासाठी धाडावे. घरोघरी पोर्तुगीजमधील जुने दस्तऐवज पडून आहेत. ते वाचू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत आणि त्यांतील काही कदाचित याच आश्रमांत स्वस्थ बसून असतील.

मनुष्यबळ अपुरे आहे, बाहेर नेल्यास कोणी पडेल, जबाबदारी कोण घेणार, असे व्यवस्थापक विचारतील. या शंका खोट्या नाहीत आणि त्यासाठी सरकारने हात सैल सोडावा लागेल. पण बेत ठरविण्यास वा वार निवडण्यास पैसा लागत नाही. वृद्धांचे मत विचारात घेण्याची सवय तेवढी लागते. तिचा आरंभ प्रोव्हेदोरियाने आपल्या आश्रमांतून करावा. आज त्या खाटांवर आपले वडीलधारे आहेत. उद्या तेथे आपण असू, आणि आज कोणता वार आहे हे आपणांसही कोणाला तरी विचारावे लागेल.