ऑलिव्हच्या साबणाचे वय

निव्वळ ऑलिव्ह तेलाचा घरगुती साबण महिन्याभराचा असताना वापरला तर हमखास निराशा करतो. वडी बोटाने दाबली की खळगा पडतो, फेस जेमतेम येतो आणि ओल्या हातावरून वडी उचलताना बुळबुळीत तार सुटते. हीच वडी वर्षभर मुरू दिली की टणक होते, हिरवट पिवळा रंग हस्तिदंती होतो आणि बारीक, सायीसारखा दाट फेस येतो. पुण्यात हौसेने साबण करणारे कृतींची तुलना आवडीने करतात, पण एक वडी सहा आठवड्यांची आणि दुसरी सहा महिन्यांची असेल, तर त्या तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. कृतीइतकेच वयही मोजायला हवे.

तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण आणि ग्लिसरीन तयार होते. कोणत्या तेलाला किती कॉस्टिक लागतो हे ठरलेले असते. एक किलो ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५ ग्रॅम, एरंडेलाला १२८, तर खोबरेल तेलाला १८३ ग्रॅम. म्हणून खोबरेलाचे माप तसेच ठेवून ऑलिव्ह तेल वापरले तर किलोमागे ४८ ग्रॅम कॉस्टिक मोकळा राहतो आणि असा साबण कातडी भाजतो. जाणकार उलट पाच टक्के कॉस्टिक कमीच घालतात, म्हणजे थोडे तेल साबणात शिल्लक राहते. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचे नाही. भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कॉस्टिक खाऊन टाकतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण ५५ ते ८३ टक्के असते. त्याचा साबण त्वचेला मवाळ वाटतो, पण पाण्यात पटकन विरघळतो. बुळबुळीत तार येते ती त्यामुळेच. खोबरेलाचा जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. त्याचा साबण लवकर घट्ट होतो, भरभरून फेसाळतो आणि प्रमाण वाढले तर त्वचा कोरडी करतो. घरगुती कृतींमधला फरक मुख्यतः या दोन आम्लांच्या प्रमाणाचा आहे. ७०० ग्रॅम ऑलिव्ह, २५० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल या मिश्रणाला पूर्ण साबण होण्यासाठी साधारण १४६ ग्रॅम कॉस्टिक लागतो, त्यातून पाच टक्के वजा करायचे. ही वडी सहा ते आठ आठवड्यांत वापरण्याजोगी होते आणि एरंडेलामुळे फेस टिकतो. पहिल्यांदा साबण करणाऱ्याने हीच कृती घ्यावी, कारण तिच्यात धीराची परीक्षा कमी आहे.

तिसरी कृती मिठाच्या पाण्याची. पाण्याच्या वजनाच्या पाव भाग मीठ आधी विरघळवून घ्यायचे, मग त्यात कॉस्टिक सोडायचा. निव्वळ ऑलिव्हचा साबणही मग काही तासांतच घट्ट होतो. कापायला उशीर झाला तर वडीचे तुकडे पडतात. तार कमी सुटते, फेस मात्र आणखी घटतो.

हळद घालण्याचा मोह मराठी घरात होतोच. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते, कुंकू पूर्वापार याच गुणावर बनत आले आहे. साबणातही हळद पिवळी राहत नाही. ती केशरी तपकिरी होते आणि उजेडात काही महिन्यांत फिकी पडते. त्वचेसाठी तिचा उपयोग साबणातून कितपत होईल याबद्दल शंकाच आहे, कारण वडी अंगावर राहते क्षणभर.

साबण होण्याची रासायनिक क्रिया बहुतांशी पहिल्या एकदोन दिवसांत उरकते. पुढचे महिने पाणी उडून जाण्यासाठी आणि आतली स्फटिकरचना बसण्यासाठी लागतात. पाण्याचा हिशोब बाजारच्या साबणाच्या भाषेत मांडता येतो. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणात एकूण मेदांश, म्हणजे टीएफएम, ७६ टक्के असेल तर तो ग्रेड १, ७० असेल तर ग्रेड २ आणि ६० असेल तर ग्रेड ३. एक किलो ऑलिव्ह तेल, १२८ ग्रॅम कॉस्टिक आणि २७० ग्रॅम पाणी यांचा ताजा साबण जवळपास १,४०० ग्रॅम भरतो आणि त्यात मेदांश अंदाजे ६८ टक्के निघतो. सुकून वजन १,२३० ग्रॅमवर आले की तोच मेदांश ७७ टक्के होतो. एकच साबण, एकच कृती, आणि नुसते पाणी उडाल्याने तिसऱ्या प्रतीवरून पहिल्या प्रतीत गेला.

दर महिन्याला वडी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे. वजन उतरायचे थांबले की खोबरेलाची वडी तयार समजायला हरकत नाही. ऑलिव्हच्या वडीला तेवढे पुरत नाही, वजन स्थिरावल्यानंतरही तिचा फेस सुधारत राहतो. सीरियातल्या अलेप्पोचे कारागीर ऑलिव्ह आणि लॉरेल तेलाचा साबण हिवाळ्यात शिजवतात आणि सहा ते नऊ महिने रचून ठेवतात. बाहेरून सोनेरी झालेली ही वडी कापली तर आत हिरवी निघते. अलेप्पो आणि पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या साबणकलेचा युनेस्कोने २०२४ मध्ये आपल्या वारसायादीत समावेश केला.

पुण्याचे हवामान या कामाला वर्षातले आठ महिने साथ देते. दिवाळीनंतर ओतलेल्या साबणाला कोरडा हिवाळा आणि चैत्र-वैशाखातली सुकी दुपार दोन्ही मिळतात. जूनमध्ये ओतलेला मात्र दिवाळीपर्यंत मऊच राहतो, कारण साबणातले ग्लिसरीन पावसाळी हवेतला ओलावा ओढते आणि वडीवर घामासारखे थेंब जमतात. सुकलेल्या वड्या म्हणूनच मृगाच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या पाहिजेत. दिवाळीत भेट द्यायचा निव्वळ ऑलिव्हचा साबण आदल्या दिवाळीला ओतलेला हवा.

वय वाढण्यालाही मर्यादा आहे. जुन्या वडीवर केशरी डाग पडून खवट वास येऊ लागला की तेल हवेने बिघडले असे समजावे. लिनोलेइक आम्ल जितके जास्त तितका हा धोका मोठा. स्वस्त म्हणून ऑलिव्हऐवजी साधे सूर्यफूल किंवा करडई वापरणाऱ्यांच्या वड्या पुण्याचा एक उन्हाळाही नीट काढत नाहीत. शेंगदाणा तेल दोहोंच्या मधले. लोखंडी जाळीवर वड्या सुकवल्या तरी डाग लवकर येतात, लाकडी किंवा बांबूची जाळी बरी.

सौम्यपणाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. वर्षभर मुरलेला ऑलिव्हचा साबणसुद्धा अल्कधर्मीच असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास राहतो. तान्ह्या बाळासाठी तो आपोआप योग्य ठरत नाही.

शेवटी पाणी. खडकवासल्याच्या नळाच्या मृदू पाण्यात जी वडी छान फेसाळते, तीच वाघोलीकडच्या एखाद्या सोसायटीत बोअरच्या जड पाण्यात फेस देत नाही आणि बादलीच्या काठावर पांढरट साका सोडते. पाण्यातले कॅल्शियम ओलेइक आम्लाशी जुळून न विरघळणारा साबण बनवते, त्यात कृतीचा दोष नसतो. दोन साबणांची तुलना करायची तर वड्या एकाच वयाच्या घ्याव्यात आणि हात एकाच नळाखाली धुवावेत.