आगोट बाईची, घर कोणाचे?

पावसाळा तोंडावर आला की कोकणात आगोटीची कामे सुरू होतात. लाकूडफाटा आत घ्यायचा, शेणी रचायच्या, मीठ-मसाला आणि सुक्या मासळीची बेगमी करायची, पडवीला झापांची झड बांधायची, कौले परतायला माणूस गाठायचा. ही यादी कुठे लिहिलेली नसते. ती बाईच्या डोक्यात असते. घरचा पुरुष मुंबईला असला तर सगळे तिच्यावरच असते, आणि गावात असला तरी फारसा फरक पडत नाही.

मी रायगड जिल्ह्यात बचत गटांबरोबर काम करते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. दोन वर्षांत दोन वादळे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली आहे: आगोटीची जुनी यादी आता पुरत नाही. झड पावसाची तिरीप अडवते. वादळ मात्र छप्परच उचलते.

यामागचे कारण प्रत्येक बाईला कळले पाहिजे. जोराचा वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. वाऱ्याच्या तोंडची खिडकी किंवा दार फुटले, की आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. वादळात तोच दगड कोणाच्या तरी डोक्यात पडतो. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला पक्के जखडलेले हवे. यातली एक कडी सुटली तर बाकीच्या फुकट. छपराच्या कडा, कोपरे आणि आढे इथे ओढ सर्वात जास्त, म्हणून तिथे हूक जवळजवळ हवेत. वासे लोखंडी पट्टीने बांधायचे, दारांना मजबूत अडसर घालायचे, घरावर आलेल्या फांद्या मेअखेरीपूर्वी तोडायच्या. नवे छप्पर घालण्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

मग तो होत का नाही? बैठकीत हा प्रश्न विचारला की बायका एकमेकींकडे बघतात. एकजण म्हणाली, “पट्ट्या मारायला हव्यात हे मला कळतं हो, पण गवंडी विचारतो, मालक कधी येणार?” गोम इथेच आहे. घर राखायचे बाईने, पण त्यावर चार पैसे खर्च करायचा निर्णय ज्याच्या नावावर घर आहे त्याचा. तो मुंबईत असेल, दारूत असेल किंवा भावांशी वाटणीच्या वादात असेल. तोवर छप्पर तसेच.

वादळानंतर पंचनामा होतो तेव्हाही पहिला प्रश्न हाच: घर कोणाच्या नावावर? दिराच्या नावावरच्या घरात वीस वर्षे राहणारी विधवा, भावाच्या पडवीत संसार मांडलेली परित्यक्ता, यांची भांडी, कपडे, धान्य भिजले, तरी कागदावर त्या कोणीच नसतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. त्या कायद्याने तिचे नाव घराच्या उताऱ्यावर मात्र चढत नाही.

“नाव लावल्याने वारा थांबतो का?” असे आमचे काही कार्यकर्ते मित्रही विचारतात. वारा थांबत नाही. पण नाव असले की गवंडी तिचे ऐकतो, गटातून कर्ज काढताना तिला कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही आणि भरपाईच्या यादीत ती दिसते. उताऱ्यावरचे नाव हीसुद्धा त्या साखळीतली एक कडी आहे, आणि ती आपण मोजतच नाही.

मागण्या नव्या नाहीत. गावातल्या घरांची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असे परिपत्रक महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने २००३ सालीच काढले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतही घरकुल दोघांच्या किंवा बाईच्या नावे देण्याची तरतूद आहे. तेव्हा आपल्या गटांनी येत्या ग्रामसभेत विचारावे: आपल्या गावात किती घरांवर बाईचे नाव आहे? पंचनाम्यात मालकाबरोबर प्रत्यक्ष राहणाऱ्या बाईचीही नोंद व्हावी. निवाऱ्यासाठी ठरवलेल्या शाळेत आतून कडी लागणारे संडास आणि दिवे असावेत, नाहीतर तरण्या मुलींना घेऊन कोणी तिथे जाणार नाही. गवंडीकामाचे प्रशिक्षण निघेल तेव्हा त्यात बायकांना निम्म्या जागा मागाव्यात.

आणि गटाच्या एप्रिलच्या बैठकीत प्रत्येकीच्या छपराची पाहणी हा एक विषय ठेवावा. पाचजणी मिळून एकेक घर बघायला अर्धा तास पुरतो. उताऱ्याची नक्कलही त्याच दिवशी मागून घ्यावी.