तेलाची शर्यत आणि आपला ऊस

पेट्रोलचा भाव वाढला की आपल्या घराघरांत दोन दिवस चर्चा होते. तिसऱ्या दिवशी टाकी भरून आपण कामाला लागतो आणि विषय मिटतो. परंतु हा विषय मिटणारा नाही. मॉरिशसमध्ये तेलाची एकही विहीर नाही आणि कच्चे तेल शुद्ध करण्याचा कारखानाही नाही. पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, वीजघरातले जड तेल, स्वयंपाकाचा गॅस आणि दगडी कोळसा हे सारे जहाजातून येते. आपल्याला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे नऊ दशांश भाग आपण परदेशातून विकत आणतो. तेव्हा मोठी राष्ट्रे तेलासाठी झगडतात ही बातमी दूरची आहे, असे वाचकांनी मानू नये.

या शर्यतीचा पहिला मोठा धडा जगाला १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. अरब-इस्रायल युद्धात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरांच्या पुढे गेला. त्या वेळी आपले बेट तरले ते साखरेमुळे. १९७३ साली येथे विक्रमी ७ लाख १८ हजार टन साखर झाली आणि पुढच्या वर्षी जगात साखरेचा भावही कडाडला. पण १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, तेल पुन्हा भडकले आणि या खेपेस साखरेचा आधार उरला नव्हता. १९७९ आणि १९८१ अशा दोन वेळा आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याला कारणे अनेक होती, पण महागलेले तेल हे त्यांतले एक मोठे कारण होते. आज पन्नाशी ओलांडलेल्यांच्या आईवडिलांनी तो काळ सोसलेला आहे.

मोठ्या राष्ट्रांनी त्या धड्यावरून आपली तजवीज केली. औद्योगिक राष्ट्रांनी १९७४ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापली आणि सभासदांनी ९० दिवसांच्या आयातीइतका साठा ठेवावा असा नियम केला. भारताला १९७४ सालीच मुंबईच्या समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. पुढे विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे खडक पोखरून ५३ लाख टन तेल मावेल अशी कोठारे त्याने बांधली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि युरोपने रशियन तेलाकडे पाठ फिरवली. तेव्हा भारताने ते सवलतीच्या भावात भरपूर घेतले. ज्याचे गिऱ्हाईक मोठे त्याला दुकानदारही मान देतो.

लहानांचे काय होते तेही त्याच वर्षी दिसले. युरोपने वाटेल तो भाव देऊन जहाजांवरचा द्रवरूप वायू उचलला. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना तो भाव परवडेना. श्रीलंकेची दशा तर सर्वांनी वाचलीच आहे. पेट्रोल पंपांपुढे दिवसेंदिवस रांगा लागल्या आणि इंधनाअभावी जूनच्या अखेरीस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की जगातले तेल त्या वेळी संपलेले नव्हते, श्रीलंकेच्या तिजोरीतले डॉलर संपले होते. तेलाच्या शर्यतीत बंदुकीइतकीच थैलीही लढते.

आता नकाशा उघडून पाहू. इराण आणि ओमान यांच्यामध्ये होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. २०२४ साली जगात खपलेल्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा या एका वाटेने बाहेर पडला. तांबड्या समुद्रात २०२३ च्या नोव्हेंबरपासून व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणे पत्करले. वाट लांबली की भाडे वाढते, विमा वाढतो, आणि तो खर्च शेवटी क्युरपिप किंवा वाक्वाच्या गृहिणीच्या पिशवीतून जातो. आपल्या किनाऱ्यालगतच्या या वाहतुकीचा धोकाही आपण जाणतो. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे जहाज आपल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातले सुमारे १००० टन इंधन तेल माहेबूरच्या समुद्रात पसरले. त्या वेळी हजारो लोकांनी पोत्यांत उसाचे पाचट भरून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध घातले.

त्या पाचटाच्या बांधांची आम्हांला पुष्कळदा आठवण होते, कारण तेलाविरुद्ध आपल्या हाती जे आहे ते उसातच आहे. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड उरते. आपण त्याला बगास म्हणतो. पूर्वी साखर कारखाने ते आपल्या भट्टीपुरते जाळत. पुढे मोठ्या दाबाच्या बॉयलरांतून त्याची वीज होऊ लागली आणि ती सार्वजनिक तारांत येऊ लागली. या कामात मॉरिशसचे नाव जगात आदराने घेतले जाते. २०१० च्या सुमारास बेटावरच्या विजेचा सहावा भाग चिपाडातून मिळत होता.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? युरोपने साखरेला दिलेला हमीभाव २००६ ते २००९ या काळात ३६ टक्क्यांनी उतरवला. १९७० च्या दशकात आपल्याकडे वीसच्या वर साखर कारखाने होते. २०२४ साली तीन उरले होते आणि साखर अडीच लाख टनांपर्यंतही पोहोचत नव्हती. ऊस कमी म्हणून चिपाड कमी. आता विजेतला चिपाडाचा वाटा दहाव्या भागाच्या आसपास आला आहे. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. हंगाम संपला की त्याच बॉयलरांत कोळसा जळतो. म्हणजे चिपाड जितके घटेल तितका कोळसा वाढेल, आणि जे वीजघर ऊसवाल्याचे म्हणून उभे राहिले ते खाणवाल्याचे होईल.

एकट्या उसाने सारे भागेल असे आम्ही म्हणत नाही. ऊन आहे, वारा आहे, डोंगरातले पाणी आहे, आणि त्यांचा वाटा वाढलाच पाहिजे. मेट्रो आली हे चांगले झाले, परंतु ती ज्या विजेवर धावते त्या विजेचे पाचांपैकी सुमारे चार भाग अद्याप तेल आणि कोळसा यांतून येतात. रस्त्यावर सहा लाखांहून अधिक वाहने आहेत आणि लोकसंख्या तेरा लाखांच्या आत आहे. या हिशेबात आपला हात किती आहे हेही प्रत्येकाने पाहावे.

तरी विशेष बोलायचे ते जमिनीविषयी. आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे आजोबांनी घाम गाळून घेतलेली दोन-चार आर्पां जमीन आहे. मजूर मिळत नाही, मुले नोकरीत आहेत, म्हणून शेत पडीक राहते किंवा घरांच्या प्लॉटसाठी विकले जाते. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ज्या पिकातून तोटाच येतो ते भावनेपोटी कोणी लावत नाही. सरकारने २०२१ साली लहान बागाईतदारांना मिळणारा चिपाडाचा मोबदला वाढवला, हे योग्यच झाले. पण चिपाडाच्या प्रत्येक टनामुळे किती कोळसा वाचतो आणि त्यासाठी किती परकीय चलन वाचते, याचा हिशेब धरून तो भाव ठरला पाहिजे. सहकारी संस्थांनी तोडणीची यंत्रे एकत्र घेतली तर चार-चार आर्पांच्या तुकड्यांचेही काम निघेल. हे प्रश्न आपल्या मंडळांच्या सभांत निघावेत आणि मत मागायला येणाऱ्यांनाही विचारले जावेत.

होर्मुझच्या वाटेवर आपली सत्ता नाही आणि भाव ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आपल्याला पाट मांडलेला नाही. आपल्या सत्तेत आहे ते घरापासून शेतापर्यंत. एकदा सिमेंट पडलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उगवत नाही. म्हणून आजोबांचे शेत विकण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा हिशेब एकदा घरात बसून करावा, एवढीच आमची विनंती.