अंदाज म्हणजे सरकारला बजावलेली नोटीस

दरवर्षी फेब्रुवारीअखेरीस भारतीय हवामान विभाग उन्हाळ्याचा अंदाज जाहीर करतो. एप्रिलच्या मध्यास पावसाळ्याचा अंदाज येतो आणि मेअखेरीस तो सुधारून दिला जातो. दुसऱ्या दिवशी मथळे झळकतात, शेअर बाजार सुखावतो आणि विषय संपतो. नाक्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला, नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराला, डोंगरउतारावरच्या वाडीला या अंदाजातून काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही.

आकडा नीट समजून घेतला पाहिजे. देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८७ सेंटीमीटर धरतात. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो 'सर्वसाधारण'. ही अख्ख्या देशाची, चार महिन्यांची सरासरी आहे. कोकणात याच्या तिपटीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत कोसळतो. २०२३ साली देशात सरासरीच्या ९४ टक्केच पाऊस झाला. कागदावर ते कमी पावसाचे वर्ष! त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही आदिवासींची वाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने सांगितले. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी याच जिल्ह्यातील तळीये गावात ८० हून अधिक माणसे दरडीने घेतली होती. मग यादी पुन्हा तपासण्याचे काम कोणाचे होते?

उन्हाचेही तेच. किनारपट्टीची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ३७-३८ अंशांचा पारासुद्धा इथे जीव घेतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. व्यासपीठावर छप्पर होते, जनतेच्या डोक्यावर सूर्य होता. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर रात्रीही सुटका नसते.

कायद्यात एक साधी गोष्ट आहे. ज्याला नोटीस मिळाली, त्याला 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणता येत नाही. हंगामी अंदाज ही सरकारला महिनाभर आधी बजावलेली नोटीसच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना असावी लागते, तीत धोक्याची ठिकाणे नोंदवावी लागतात आणि दरवर्षी तिचा आढावा घ्यावा लागतो. कलम ६१ नुसार मदत देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. २०२४ साली रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये मान्य केला. तरीही दरवर्षी 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द ढालीसारखा पुढे केला जातो.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४५ साली ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना निसर्गाला दोष देत बसण्यापेक्षा पाण्याचे नियोजन करा, असाच आग्रह धरला होता. निसर्ग पाऊस पाडतो. पण कोणाची वस्ती नाल्याकाठी आणि दरडीखाली असावी, हे निसर्ग ठरवीत नाही. ते समाजव्यवस्था ठरवते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आता अंदाज वाचून गप्प बसू नये. मार्चमध्ये आणि मेअखेरीस माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करावा: या वर्षीचा आढावा कधी घेतला? यादीत आमची वस्ती आहे काय? पाऊस वाढल्यास लोकांना कोणत्या शाळेत हलविणार? दुपारी बारा ते चार उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा आदेश निघाला काय, आणि त्या तासांची मजुरी कोण देणार? शेवटचा प्रश्न विसरू नका. मजुरीविना विश्रांती म्हणजे उपासमारच.

उत्तर आले तर वस्ती वाचेल. नाही आले, तर तो अर्ज उद्या न्यायालयात पुरावा ठरेल.